अल्जिनेट बीड्स करताना या चुका टाळा

एम.फार्म.च्या प्रकल्पात हायड्रोजेल (पाणी धरून ठेवणारं जेल) म्हटलं की बरेच जण सोडियम अल्जिनेट घेतात. तपकिरी समुद्री शेवाळातून मिळणारं, शरीराला सहसा न खुपणारं. कॅल्शियम क्लोराइडमध्ये थेंब पडला की लगेच त्याचा मणी, म्हणजे बीड, होतो आणि द्रावणात मिसळलेलं औषध त्यात अडकतं.

अडचण पावडर भिजवतानाच सुरू होते. सगळी पावडर एकदम ओतली की पिठल्यासारख्या गुठळ्या होतात, वरून चिकट, आत कोरड्या. स्टरर चालू ठेवून भोवऱ्यात चिमूट चिमूट सोडा. द्रावण रात्रभर झाकून ठेवा, नाहीतर बुडबुडे अडकून बीड्स तरंगतात. ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणं) मात्र टाळा. उष्णतेने साखळ्या तुटून द्रावण पातळ होतं.

औषध पाण्यात विरघळणारं असेल, तर बीड्स कडक व्हावेत म्हणून कॅल्शियममध्ये तासन्‌तास ठेवू नका. तेवढा वेळ औषध बाहेर झिरपत राहतं. ते द्रावण फेकण्याआधी त्यातलं औषध मोजाच.

खरा घोळ रिलीजच्या चाचणीत, म्हणजे बीड्समधून औषध किती वेगाने बाहेर येतं हे मोजताना होतो. माझे डायक्लोफिनॅक सोडियम या वेदनाशामकाचे पहिले बीड्स 0.1 नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात दोन तास जसेच्या तसे राहिले, औषध जेमतेम बाहेर आलं. मी वहीत लिहिलं, ‘जेलने औषध धरून ठेवलं.’ पण डायक्लोफिनॅक आम्लात जवळपास विरघळतच नाही! पुढे 6.8 पीएचच्या फॉस्फेट बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) तेच बीड्स फुगले, बोटाने दाबले तर पिचतील इतके मऊ झाले आणि शेवटी दिसेनासे झाले. त्याचं श्रेय मी पीएचला दिलं. पण फॉस्फेट कॅल्शियमला ओढून घेतं, बफरमधलं सोडियम त्याच्या जागी जातं आणि साखळ्यांमधली गाठ सुटते. ही शंका मिटवायची असेल तर 7.4 पीएचला, सोडियम सारखंच ठेवून, एक बॅच फॉस्फेटमध्ये आणि एक ट्रिसमध्ये (फॉस्फेट नसलेल्या बफरमध्ये) चालवा.

सोबत औषध न घातलेले बीड्सही ठेवा. विरघळलेल्या अल्जिनेटचा गढूळपणा औषध मोजताना घेतलेल्या 276 नॅनोमीटरच्या प्रकाशशोषणाच्या रीडिंगमध्ये मिसळतो, आणि ते औषधच वाटतं. नमुना काढला की तेवढाच ताजा बफर परत घाला, हिशेबातही धरा.

औषध कसं बाहेर पडतं हे सांगणारं कोर्समायर-पेपासचं समीकरण फक्त पहिल्या 60 टक्के रिलीजला लावा. गोल बीड्ससाठी विसरणाचा (डिफ्यूजनचा) घातांक ‘एन’ 0.43 असतो, 0.5 हा आकडा पातळ फिल्मचा.