घरचे ‘कशाला?’ म्हणत असताना बारावी कशी केली

दहावी झाली आणि माझं लग्न झालं. पुढे ३४ व्या वर्षी, अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावातून मी बारावीचा १७ नंबरचा फॉर्म भरला, म्हणजे कॉलेजात न जाता बाहेरून परीक्षेला बसायचा. हे म्हणाले, ‘कशाला?’ सासूबाई म्हणाल्या, ‘आते शिकीसन काय कलेक्टर व्हशी का?’ बचत गटातल्या बाया तोंडावर हसल्या. कोणी अडवलं नाही, पण पाठीशी एकही माणूस नव्हता. तुमचंही असंच असेल, तर मला जे उमगलं ते सांगते.

सगळ्यात आधी, पटवत बसू नका. मी दोन महिने रोज रात्री भाकरी थापता थापता ह्यांना समजावत होते. ते ना हो म्हणायचे, ना नाही. तेवढ्यात फॉर्मची मुदत गेली आणि विलंब शुल्क भरावं लागलं. त्या दिवशी ठरवलं, आता हा विषय घरात काढायचा नाही. मागितलं ते एवढंच, की पहाटे चार ते सहा मला हाक मारू नका. एवढ्याला कोणी नाही म्हणालं नाही, कारण त्यात कोणाचं काही जात नव्हतं. घरच्यांकडे असंच नेमकं आणि छोटं मागा.

पैसा मात्र स्वतःचा असू द्या. मी कापूस वेचणीची मजुरी पिठाच्या डब्यामागे वेगळी ठेवत गेले. फी त्यातूनच गेली, त्यामुळे ‘आमचा पैसा वाया घालवला’ असं कोणाला म्हणता आलं नाही. पुस्तकांना खर्च लागत नाही. ई-बालभारतीच्या वेबसाइटवर ती फुकट आहेत, मोबाइलवर उतरवून घ्या.

कागदांचं नीट ऐका, कारण बाया इथेच अडकतात. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. मी फॉर्मवर दहावीच्या गुणपत्रिकेतलं नाव जसंच्या तसं भरलं आणि लग्नाचं नोंदणी प्रमाणपत्र जवळ ठेवलं. फॉर्म ऑनलाइन असतो. सायबर कॅफेवाल्याला तुमच्यासमोर भरायला लावा आणि पावती घेतल्याशिवाय उठू नका. एका कार्यालयातल्या बाबूंनी मला ‘तुमच्या मुलीचा फॉर्म का?’ विचारलं होतं. मी म्हटलं, ‘माझा.’ आवाज चढवला नाही, खालीही घातला नाही.

खरी कसोटी लागते ती घरचं कार्य आणि तुमचं काम एकाच दिवशी आलं की. बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चात, म्हणजे नेमकी लग्नसराईत. जेठांच्या, म्हणजे मोठ्या दिरांच्या मुलीची हळद आणि माझा राज्यशास्त्राचा पेपर एकाच दिवशी आले. वेळापत्रक लागलं त्याच संध्याकाळी मी जेठाणीकडे गेले आणि सांगितलं, ‘वहिनी, त्या दिवशी अकरा ते दोन माझा पेपर आहे, सकाळी जाईन ती पेपर झाल्यावरच येईन. आदल्या दिवशीचं सगळं माझ्याकडे.’ परवानगी मागितली नाही, वेळ कळवली. आदल्या दिवशी बट्ट्यांसाठी गहू-मक्याचं जाडसर पीठ दळून आणलं, दोन पाट्या वांगी चिरून मिठाच्या पाण्यात ठेवली, लसूण सोलला. पहाटे उजळणी केली, सकाळच्या एसटीने अमळनेर गाठलं. परत आले तेव्हा पंगत बसलेली होती. पदर खोचला आणि वरण वाढायला लागले. दोघीतिघींनी नाक मुरडलं, पण जेठाणी काही बोलली नाही. आधी सांगितलेलं असलं की भांडणाला निम्मं कारण उरत नाही.

इंग्रजीत मी नापास झाले. गावाला निकाल माझ्याआधी कळला असावा, इतक्या लवकर लोक ‘सांगितलं होतं’ म्हणत आले. चार दिवस पुस्तकाला हात लावला नाही, सगळ्यांचं खरं वाटायला लागलं. हे तुमच्याही वाट्याला येईल, म्हणून नापास झालो तर काय करायचं ते निकालाआधीच वहीत लिहून ठेवा. मी लिहिलं होतं, ‘पुरवणीचा फॉर्म, आठ दिवसांत.’ मन तयार नव्हतं, तरी वहीत होतं म्हणून भरला. पुरवणी परीक्षा जून-जुलैत येते, म्हणजे पेरणी आणि निंदणीच्या दिवसांत. त्याची तयारी ठेवा.

तेव्हाच एक माणूस मिळालं. गल्लीतली बी.ए.ला असलेली पोर मला रोज अर्धा तास इंग्रजी शिकवायची आणि मी तिच्या आईला उडदाचे पापड लाटून द्यायचे. आपली माणसं देत नाहीत ती सोबत परकं माणूस देतं, पण उपकार म्हणून घेऊ नका, बदल्यात काही द्या. म्हणजे पुन्हा जाताना पाय अडखळत नाही. तिने मला पत्रलेखन आणि उताऱ्यावरचे प्रश्न एवढंच घोटून घ्यायला लावलं. पास व्हायला ३५ लागतात, मला ४१ मिळाले.

आता मी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून बी.ए. करतेय, दुसरं वर्ष आहे. सासूबाई अजूनही ‘कशाला?’ म्हणतात. पहाटे चारला उठून मी आधी त्यांचं पाणी तापत ठेवते, मग दिवा ओढून वही उघडते.