रेखाचित्र कॉम्प्युटरवर नेण्याआधी: चित्रकलेच्या जोडतासाची तयारी

हाताने काढलेलं रेखाचित्र स्कॅन करून कॉम्प्युटरवर रंगवणं हा आठवी-नववीच्या एका जोडतासात बसणारा उद्योग आहे, पण निम्मं काम आदल्या तासाला कागदावर उरकलं असेल तरच. पेन्सिल, पट्टी, खोडरबर यांचं सांगत बसत नाही. मुलं आणतात, नाही आणलं तर शेजारच्याचं घेतात.

आधी विषय. ठिपक्यांची रांगोळी द्या. तिच्यात पाकळ्या, चौकोन, चांदण्या आपोआप बंद होतात, आणि बंद आकृतीशिवाय पुढे काहीच होत नाही, त्यावर येतेच. वारली द्यायचा मोह होतो. पालघर काही लांब नाही आणि मुलांचा हातही त्यावर बसलेला असतो. पण वारलीत हातपाय म्हणजे नुसत्या रेषा, रंग भरायला धडाचे दोन त्रिकोण तेवढे सापडतात. शिवाय गेरूच्या रंगावर पांढऱ्याने काढली तर ट्रेस करताना, म्हणजे सॉफ्टवेअरकडून स्कॅनमधल्या रेषांचे आकार बनवून घेताना, सगळं उलटं होतं, कारण सॉफ्टवेअर गडद भागाला चित्र समजतं आणि फिकटाला कागद. द्यायचीच असेल तर पांढऱ्यावर काळ्याने काढून घ्या.

कागद ए-फोर. पाव इंपीरियल, म्हणजे 11 × 15 इंचाचा ड्रॉइंग पेपर शाळेतल्या साध्या स्कॅनरच्या काचेवर मावत नाही, आणि दोन तुकड्यांत स्कॅन करून जोडायला कुणाकडे वेळ आहे? गुंडाळी करून आणू देऊ नका. लोकलच्या गर्दीत गुंडाळीची पट्टी होते, घडीची रेघ स्कॅनमध्ये काळी उतरते. पुठ्ठ्याच्या फोल्डरमध्ये सपाट. जुलै-ऑगस्टात तास असेल तर कागद वर्गातल्या उघड्या फडताळात ठेवू नका, दमट कागदावर शाई पसरते.

पेन अर्ध्या मिलिमीटरचं किंवा जाड. हौशी मुलं 0.1 चं बारीक पेन आणतात, त्यांना सरळ नाही म्हणा. 300 डीपीआयला, म्हणजे इंचाला 300 ठिपके धरले तर, एका मिलिमीटरमध्ये जेमतेम 12 पिक्सेल येतात, 0.1 ची रेषा सव्वा पिक्सेलाची होते आणि ट्रेस करताना जागोजागी तुटते. अर्ध्या मिलिमीटरला सहा पिक्सेल मिळतात, तेवढे पुरतात. स्केचपेन नको, कडा फुटतात. कच्चं काम काळ्या पेन्सिलीऐवजी फिकट निळ्या रंगीत पेन्सिलीने करून घ्या. छपाईसाठी काम करणारे जुने चित्रकार हेच करत. फिकट निळं स्कॅनमध्ये जवळजवळ कागदाइतकंच उजळ दिसतं आणि ट्रेसमध्ये गळून पडतं. खोडाखोडीत शाई फासण्याचा प्रश्नच मिटतो.

आता मुख्य गोष्ट. रेषा बंद हवी. गेल्या वेळी हे एवढंच सांगायला विसरले आणि अख्ख्या वर्गाचा रंग पाकळीतून बाहेर सांडला. इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमधली रंगाची बादली आकृतीच्या आत क्लिक केल्यावर चारी बाजूंना पसरत जाते आणि रेषेला धडकून थांबते. रेषेत फट असली की ती शेजारच्या घरात शिरते, आणि फट बाहेरच्या बाजूला असली तर भरायलाच नकार देते. मुलांना वाटतं कॉम्प्युटर बिघडला. मग एकेका मशीनपाशी वाकून ती फट शोधत बसायची, आणि ती दिसत नाही, कारण डोळा ती स्वतःच भरून काढतो.

मुलांना सांगायची युक्ती अशी: पाकळीत मुंगी सोडली तर तिला रेषा न ओलांडता बाहेर पडता येईल का? येत असेल तर रेषा बंद नाही. प्रत्येकाने शेजारच्याचं चित्र तपासायचं, स्वतःचं नाही. स्वतःची फट कुणालाच दिसत नाही. कोपरे, पाकळीची टोकं आणि पेन उचलून परत टेकवलेल्या जागा आधी बघायच्या. कागद खिडकीच्या काचेला लावला की फटी लवकर कळतात. आणि हे शाई वाळल्यावर, स्कॅनच्या आधी. नंतर नाही. इंकस्केपच्या बादलीत फटी बुजवायची सोय आहे, झूम कमी केल्यावर बारीकसारीक फटी ती दुर्लक्षितही करते, पण तेव्हा कोपऱ्यांत रंग पोचत नाही. तो तुमचा आधार नव्हे. कागदावर बंद करा.

मागे नाव, वर्ग, हजेरी क्रमांक. फाइलला तोच क्रमांक.

स्कॅन 300 डीपीआय, ग्रेस्केल, पीएनजी. 600 चा हट्ट नको. ए-फोर कागद 300 ला सुमारे 87 लाख पिक्सेलांचा होतो, 600 ला साडेतीन कोटींच्या घरात जातो, आणि शाळेची मशीनं तिथेच मान टाकतात. जेपीजी नको, रेषेभोवती मळकट ठिपके येतात आणि ट्रेस त्यांनाही चित्र समजतो. स्कॅनर बंद असेल तर मोबाइल चालेल: ढगाळ दिवशी खिडकीजवळ, फोन कागदाला समांतर, जरा लांबून झूम करून, हाताची सावली टाळून. ट्यूबलाइटखाली उभं राहून काढू नका. आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, तो दाबून लहान होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

एवढं झालं आणि तरी मुंगीची तपासणी राहिली असेल, तर आत्ता करा. स्कॅन पुन्हा घ्यावा लागला तरी चालेल.

कॉम्प्युटर रूम. इंकस्केप फुकट आहे, पण आदल्या दिवशी प्रत्येक मशीनवर उघडून बघा. ट्रेस बिटमॅपसाठी शिफ्ट-आल्ट-बी. ब्राइटनेस कटऑफ सरकवत रेषा भरीव दिसेपर्यंत न्या. सुटे ठिपके घालवायला स्पेकल्सचा आकडा वाढवा. ट्रेस झालेली रेषा ही रेषा नसते, दोन कडांमधला काळा आकार असतो. म्हणून मुलं स्ट्रोकची, म्हणजे आकाराच्या कडेच्या रेषेची, जाडी बदलू पाहतात तेव्हा भलतंच होतं. एकेरी रेषाच हवी असेल तर सेंटरलाइन ट्रेसिंग आहे, 2020 च्या 1.0 आवृत्तीपासून, पण त्यात हाताच्या दाबाने आलेला जाड-बारीकपणा जातो. रांगोळीला चालतं. चेहऱ्याला नाही. ट्रेस मूळ चित्राच्या बरोबर वर बसतो; तो बाजूला ओढून खालचं स्कॅन काढून टाका, नाहीतर मुलं स्कॅनच ट्रेस समजून सेव्ह करतात.

बादली. रंग बाहेर गेला? मुंगी.

सेव्ह एसव्हीजीमध्ये, म्हणजे इंकस्केपच्या नेहमीच्या फाइलमध्ये, दर दहा मिनिटांनी. पेनड्राइव्ह दोन. प्रिंटसाठी पीडीएफ वेगळी काढा, झेरॉक्सवाल्याकडे एसव्हीजी बहुधा उघडत नाही. पडद्यावरचा झगझगीत हिरवा कागदावर मंद पडतो, हे मुलांना आधीच सांगा, म्हणजे नंतर तक्रार नको. रूमची किल्ली कुणाकडे असते ते विचारून ठेवा.