विश्वेश्वरय्यांविषयी सांगण्यापूर्वी : नव्या अभियंत्यांसाठी एक अनुभव

नोकरीच्या पहिल्याच वर्षी, १५ सप्टेंबरच्या अभियंता दिनासाठी ‘खरे की रचलेले?’ हा कार्यक्रम बसवण्याचे काम माझ्याकडे आले. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्याविषयीच्या नवलाच्या गोष्टी सांगायच्या आणि त्यांतील खऱ्या कोणत्या, हे सहकाऱ्यांनी ओळखायचे, असे त्याचे स्वरूप होते. ‘खडकवासला धरण त्यांनी बांधले’ हे विधान मी निःशंकपणे खऱ्यांत घातले. कागद पाहणाऱ्या वरिष्ठ अभियंता मॅडमनी एवढेच विचारले, “ते अभियंता कधी झाले?”

पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातून ते १८८३ साली उत्तीर्ण झाले आणि धरण तर त्याआधीच उभे होते. त्यांचे खरे काम १९०३ सालचे, सांडव्यावरील (धरणातील जादा पाणी सोडण्याच्या वाटेवरील) स्वयंचलित दरवाजांचे. पाणी ठरावीक पातळीच्या वर चढले की हे दरवाजे आपोआप उघडत आणि पूर ओसरला की मिटत, त्यामुळे भिंतीची उंची न वाढवता जास्त पाणी साठवता येई. मला विचाराल तर, अख्खे धरण त्यांच्या नावावर चढवण्यापेक्षा ही युक्ती समजून घेण्यात शिकण्यासारखे कितीतरी अधिक आहे.

त्या दिवसापासून मी गोष्टीतले साल आणि ठिकाण आधी पाहतो. रेल्वेच्या आवाजावरून पुढचा रूळ तुटल्याचे त्यांनी ओळखले, ही कथा मी ऐकली तेव्हा तिच्यात मार्गही नव्हता आणि सालही. सरकारी कामाची आणि खासगी कामाची दिवाबत्ती वेगळी ठेवण्याची कथा तर चाणक्याविषयीही सांगतात. दोन्ही मी वगळल्या. उलट, अभियांत्रिकीकडे वळण्यापूर्वी ते बंगळूरहून बी.ए. झाले होते, हे रचलेले वाटावे असे विधान खरे निघाले. मुंबई इलाख्याच्या नोकरीत त्यांनी धुळ्याकडे पांझरेच्या खोऱ्यात नळाच्या वक्रनलिकेचे (सायफनचे) काम केले, हेही खरे. नवख्या अभियंत्याच्या वाट्याला येते तसलेच ते काम होते, म्हणून ते मी आवर्जून घेतले.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून खडकवासल्याचा बांधही फुटला, तेव्हा विश्वेश्वरय्या शंभरीच्या घरात, पण हयात होते. कार्यक्रमात हे विधान जवळजवळ सगळ्यांनी रचलेले ठरवले आणि उत्तर कळल्यावर सभागृहात बराच वेळ कोणी बोलले नाही.