मातीकाम शिकताय? या चुका टाळा

नव्या बॅचच्या पहिल्याच दिवशी एक प्रश्न हमखास येतो: "ताई, आज केलेलं आजच घरी नेता येईल ना?" नाही नेता येणार. भांडं नीट वाळायला आठवडाभर तरी लागतो, मग पहिली भाजणी (तिला बिस्क म्हणतात), मग ग्लेझ म्हणजे काचेसारखा चमकदार लेप, मग दुसरी भाजणी. आणि खरं सांगायचं तर सुरुवातीची बहुतेक भांडी भट्टीपर्यंत पोहोचूच नयेत. हे ऐकलं की चेहरे पडतात. पण पुढे ज्या चुकांबद्दल लिहिणार आहे, त्यातल्या बहुतेक या प्रश्नामागच्या घाईतूनच निघतात.

माती मळायचा कंटाळा

"पाकिटातली माती तयारच असते ना?" असते, पण पाकीट उघडून काही दिवस झाले की बाहेरचा थर घट्ट होतो आणि आतला मऊ राहतो. असा गोळा चाकावर ठेवला की हाताखाली एकदा कडक भाग येतो, एकदा मऊ. गोळा सारखा धक्के देत राहतो आणि शिकणाऱ्याला वाटतं आपल्याला सेंटरिंगच, म्हणजे गोळा चाकाच्या बरोबर मध्यावर आणणंच, जमत नाही. जमत नाही हेही खरं असतं, पण अर्धा दोष मळणीचा असतो.

दुसरी गंमत म्हणजे बरेच जण कणीक मळतात तशी माती मळतात. दुमडायची, दाबायची, पुन्हा दुमडायची. कणकेचं त्याने काही बिघडत नाही. मातीत मात्र प्रत्येक घडीबरोबर हवा कोंडली जाते. माती तळव्यांनी खाली आणि पुढे ढकलायची, थोडी आपल्याकडे उचलून फिरवायची, पुन्हा ढकलायची. घडी पडता कामा नये. किती वेळा, हे मला विचारू नका. गोळा तारेने मधोमध कापा आणि कापलेला भाग बघा. भोकं दिसली किंवा दोन रंगांचे पट्टे दिसले, तर अजून मळा. चाकावर बसल्यावर केस सारखे करायला वेळ असतो, फोन पुसायला वेळ असतो, यालाच कसा नसतो ते मला आजवर कळलेलं नाही.

"थोडं हलतंय, पण चालेल"

नाही चालत. गोळा मध्यावर नसताना तो मधोमध बोटं दाबून उघडला, तर एक भिंत जाड आणि समोरची पातळ होणार. भिंत वर उचलत जाल तसा तो फरक वाढत जातो, काठावर पोहोचेपर्यंत भांडं नाचायला लागतं. तिथे काही दुरुस्त होत नाही. दुरुस्ती फक्त गोळ्याच्या वेळी होते.

मनगटाच्या जोरावर सेंटरिंग करू नका. कोपर मांडीवर किंवा कमरेशी घट्ट टेकवा, पुढे वाका आणि अंगाचा भार हातातून मातीवर जाऊ द्या. हात हलला नाही की मातीला हाताच्या मर्जीने फिरण्याशिवाय पर्याय उरत नाही. नवखे चाकाचा वेगही उलटा ठेवतात: सेंटरिंगला भीत भीत हळू, आणि भिंत उचलताना जोरात. सेंटरिंगला चाक वेगात हवं, पुढे भांडं उंच होत जाईल तसा वेग कमी करत न्यायचा. आणि हात काढताना हळूच काढा. छान मध्यावर आलेला गोळा नुसता झटकन हात सोडल्याने बिघडतो, हे मी रोज बघते.

पाण्याचंही तेच. हात घसरावा इतकं पाणी पुरे. बसेल त्याच्या पायाशी तळं साचायला लागलं, तर माती पाणी पिऊन ढिली पडली आहे असं समजा. अशी माती उभी राहत नाही.

प्रत्येक भांडं जपून ठेवायचा हट्ट

चाकावर पहिल्यांदा काहीतरी उभं राहिलं की माणूस त्याच्या प्रेमात पडतो. ते जड असतं, काठ एका बाजूला कललेला असतो, तरी ते फळीवर ठेवायचंच असतं. मी तार घेऊन शेजारी आले की लोक भांड्याभोवती दोन्ही हात धरतात.

सुरुवातीचे काही महिने मी एकच सवय लावते. भांडं झालं की तार उभी धरून ते वरून खालपर्यंत चिरायचं, एक अर्धा भाग बाजूला काढायचा आणि कापलेली भिंत बघायची. जवळजवळ प्रत्येकाचं चित्र सारखंच निघतं. भिंत तळाला जिथे मिळते तिथे मातीचा जाड त्रिकोण साचलेला. त्याच्या वर भिंत बरी. मग दोन-तृतीयांश उंचीवर एकदम पातळ, कारण तिथे हात घाईने वर गेलेला असतो. तळ एका बाजूला बोटभर जाड आणि दुसरीकडे तार जेमतेम सुटेल इतका. बाहेरून यातलं काही दिसत नाही. नवख्या बोटांना जाडी कळतही नाही, ती बघून बघूनच कळायला लागते.

त्या त्रिकोणावरचा उपाय सोपा आहे, पण चिरून बघितल्याशिवाय तो कुणाला पटत नाही. भिंत उचलायच्या आधी बाहेरच्या हाताचं बोट अगदी चाकाच्या थाळीला टेकवून आत दाबायचं, खाच पडू द्यायची आणि तिथली माती घेऊनच वर निघायचं. हात इतक्या सावकाश चढू द्यायचा की तो बोटभर वर जाईपर्यंत चाकाचे दोन-तीन फेरे झालेले असावेत. चाकापेक्षा हात पुढे धावला की भिंतीवर मळसूत्रासारखी जाड-पातळ रेघ उमटते.

एका गृहस्थांना हे चिरणं अजिबात मान्य नव्हतं. "एवढी मेहनत केली आणि कापायचं?" त्यांना नातेवाइकांना द्यायला सहा मगांचा संच करायचा होता, तोही महिनाभरात. मी सांगून थकले. सहाही मग तयार झाले, तळाशी भरपूर जाड. त्यांच्या मते जास्तीची माती ट्रिमिंगमध्ये, म्हणजे भांडं थोडं घट्ट झाल्यावर तासताना, काढली की झालं. पण भिंत आणि तळ किती जाड आहेत हे माहीत नसताना ट्रिमिंग करणं म्हणजे अंदाजपंचे खोदणं. दोन मगांच्या बुडाला भोक पडलं. बाकीच्यांना घाबरून हातच लावला नाही, ते तसेच जड राहिले. कान लावले ते वेगळ्या दिवशी केलेले, मगापेक्षा खूप ओले. वाळताना दोन कान सांध्यावर तडकले. उरलेल्या दोघांपैकी एकाच्या तळाला वाळतानाच इंग्रजी एस अक्षरासारखी चीर पडली. तो मग मी त्यांच्यासमोर मोडला. तळ भिंतीच्या दुप्पट जाड होता आणि तो आतून एकदाही दाबून घेतलेला नव्हता. गृहस्थ बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "माती हलक्या प्रतीची आहे वाटतं."

ती चीर टाळायची तर गोळा उघडल्यावर तळावरून बोटं कडेपासून मध्यापर्यंत आणि परत, अशी दाबून फिरवा. तळाशी साचलेलं पाणी स्पंजने टिपून घ्या. एवढंच आहे. पण हे करताना काही "घडताना" दिसत नाही, म्हणून ते वगळलं जातं. वेगाने पळवलेल्या व्हिडिओंमध्येही हा भाग कधी दिसत नाही, आणि आमच्याकडे येणारे बरेच जण ते व्हिडिओ बघूनच आलेले असतात.

एक पथ्य आणखी. आज वाटी, उद्या फुलदाणी, परवा चहाची किटली, असं करू नका. अर्धा किलोचा गोळा आणि सरळ नळकांडं. तेच पुन्हा पुन्हा, त्याच मातीत. वजन तेच ठेवलं की उंची वाढली की नाही ते दिसतं. कंटाळा येईल. येऊ द्या.

वाळवण्याची घाई

ही माझी दुसरी आवडती चूक, आणि सगळ्यात महागात पडणारी.

एकाने मांजर केलं होतं. सुंदर होतं, खोटं कशाला बोलू. पण डोकं भरीव आणि बूड त्याहून भरीव. शेवटच्या आठवड्यात त्याने ते पंख्याखाली ठेवलं, मग उन्हात. वरून पांढरट दिसायला लागलं तसं त्याने मला न विचारता रात्री बिस्कच्या भट्टीत ठेवून दिलं, कारण त्याला ते रविवारी कुणाला तरी द्यायचं होतं. भट्टी तापायला लागल्यावर तासा-दोन तासांत आतून आवाज आला. दुसऱ्या दिवशी उघडली तर मांजराचे तुकडे सगळ्यांच्या वाट्यांमध्ये, शेजारच्या दोन भांड्यांचे काठ उडालेले, आणि बारीक कपच्या भट्टी तापवणाऱ्या तारांच्या खाचांमध्ये अडकलेल्या. त्या मला चिमट्याने एकेक काढाव्या लागल्या, कारण मातीचा तुकडा तारेला चिकटून राहिला तर पुढच्या भाजण्यांत तारच जळते. त्याचं स्पष्टीकरण: "आत हवेचा बुडबुडा राहिला असेल."

बुडबुडा नाही, पाणी. पूर्ण वाळलेल्या मातीतला बुडबुडा भट्टीत मुकाट बसतो. फुटतं ते ओलाव्यामुळे. १०० अंश सेल्सियसला पाण्याची वाफ होते आणि ती त्याच पाण्याच्या सुमारे १७०० पट जागा मागते. जाड मातीतून तिला वेळेत बाहेर पडता आलं नाही तर ती वाट फोडून काढते. नंतर साधारण ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान मातीत रासायनिक रूपाने बांधलेलं पाणीही निघतं. म्हणून बिस्कला सुरुवातीचा चढ सावकाश ठेवावा लागतो. जाड काम असेल तर मी रात्रभर भट्टी १०० च्या खालीच धरून ठेवते. जे भरीव आहे ते आतून कोरायचं, भिंत सेंटिमीटरभर ठेवायची आणि पोकळीला बाहेर निघणारं एक भोक द्यायचं. हेही मी सांगितलेलं होतं.

भांडं वाळलं की नाही ते डोळ्यांनी ठरवू नका. गालाला लावा. थंड लागलं तर अजून पाणी उडतंय.

आणि पंखा, ऊन, हेअर ड्रायर यांनी "लवकर" वाळवणं म्हणजे एक बाजू लवकर वाळवणं. माती वाळताना आकसते. स्टोनवेअरची (जास्त तापमानाला भाजायची) माती वाळणं आणि भाजणं मिळून साधारण दहा ते तेरा टक्के लहान होते. काठ आधी आकसला आणि बूड अजून ओलंच असलं, तर दोघांच्या ओढाताणीत भांडं तडकणारच. काठ आधी वाळतो म्हणून त्यावर प्लास्टिक टाका. तो भार सोसण्याइतका घट्ट झाला की भांडं उलटं ठेवा, म्हणजे बुडाला हवा लागेल. मगाच्या कानांना वेगळं प्लास्टिक गुंडाळा. मुद्दा हळू वाळण्याचा आहेच, पण त्याहून सगळीकडून सारखं वाळण्याचा आहे.

बाकीच्या, थोडक्यात

कान लावताना दोन्ही बाजू ओरखडून, चिखलाची स्लिप लावून, दाबून जोडा. नुसतं पाणी लावून चिकटवलेला कान हातात येतो. आणि कान व मग सारख्याच ओलाव्याचे हवेत, वरचे गृहस्थ आठवा.

मातीची लाटलेली पाटी वाकली किंवा काठ दबला, तर तो नुसता हाताने सरळ केला म्हणजे तो सरळ राहतो असं नाही. माती वाकलेलं लक्षात ठेवते, आणि भट्टीतून पुन्हा वाकडी होऊन येते.

ग्लेझची बादली तळापासून ढवळा. वर जे दिसतं ते बरंचसं पाणी असतं, कामाचं सगळं खाली बसलेलं असतं. बिस्कवरची धूळ ओल्या स्पंजने पुसा. भांडं बुडवून मनात तीन मोजा आणि काढा. "जाड लागला तर चमक जास्त" हा समज सोडा, जाड ग्लेझ ओघळतो. बुडाशी पाच मिलिमीटर जागा कोरी ठेवा. भट्टीतल्या शेल्फला चिकटलेलं भांडं छिन्नीने काढताना शेल्फही जातो, आणि तो शेल्फ तुमचा नसतो. दोन ग्लेझ एकावर एक टाकायचे असतील तर आधी चाचणीच्या तुकड्यावर.

मातीच्या पाकिटावर भाजणीचं तापमान लिहिलेलं असतं, ते वाचा. कमी तापमानाची माती १२२० अंशांच्या भट्टीत चुकून गेली तर ती फुगते किंवा चक्क शेल्फवर वितळून पसरते.

प्रत्येक भांड्याच्या बुडाला आकडा कोरा आणि वहीत त्यासमोर माती, वजन, ग्लेझ लिहा. "मागच्या वेळी तो निळा काय मस्त आला होता" असं म्हणणाऱ्याला तो निळा पुन्हा कधी येत नाही.

पहिल्या महिन्यात अवजारांचा डबा विकत घेऊ नका. तार, सुई, स्पंज, एक लाकडी रिब (भिंत गुळगुळीत करायची पट्टी) आणि ट्रिमिंगचं एक हत्यार पुरतं.

भट्टी गरम असताना "फक्त डोकावून" बघायची नाही. झाकण उचललं की थंड हवा आत जाते आणि भांडी तडकतात. मी आतलं तापमान १०० च्या खाली उतरल्याशिवाय झाकणाला हात लावू देत नाही, कितीही गयावया केली तरी.

फसलेली कच्ची माती परत वापरायची असेल तर ती आधी पूर्ण, अगदी खडखडीत वाळू द्या आणि मग पाण्यात टाका. पूर्ण वाळलेली माती थोड्याच वेळात आपोआप विरघळून चिखल होते. अर्धवट वाळलेले घट्ट तुकडे मात्र दिवसेंदिवस तसेच गोळे राहतात. प्लास्टर ऑफ पॅरिसचा तुकडा त्यात पडू देऊ नका, भाजल्यावर तो कधीतरी भांड्याची कपची उडवतो.

शेवटचं, आणि यात मी कुणाचं ऐकत नाही: काम संपल्यावर कोरडा झाडू मारायचा नाही. मातीच्या धुळीत सिलिका असते आणि ती वर्षानुवर्षं श्वासातून गेली तर फुप्फुसं खराब करते. फरशी ओल्या फडक्याने पुसायची, टेबल ओल्या स्पंजने. ज्याला घरी जायची घाई असेल त्यानेही.