एअर पिस्तूल कॉक होईना, तर स्प्रिंगला हात लावू नका

नळी बिजागरीवर खाली मोडून एकेक छर्रा भरायचं स्प्रिंगचं एअर पिस्तूल मधूनच कॉक व्हायचं, म्हणजे नळी मोडली की स्प्रिंग दाबून हवा ढकलणारा पिस्टन मागे अडकायचं, थांबलं की सल्ला ठरलेला असतो: स्प्रिंग गेली, बदलून टाका. हा सल्ला चुकीचा आहे. स्प्रिंग थकली की छर्रा हळू जातो, पण पिस्टन मागे अडकायचा तो अडकतोच. एका ओळखीच्यांचं ऐकून मी जुनी स्प्रिंग काढून जाड आणि लांब स्प्रिंग घातली होती. पिस्टन सिअरपर्यंत, म्हणजे त्याला मागे धरून ठेवणाऱ्या छोट्या खटक्यापर्यंत, पोचायच्या आतच तिचे वेढे एकमेकांना भिडायचे. आधी पाचात एकदा अडणारं पिस्तूल मग एकदाही कॉक होईना.

छर्रा न भरता, नळी भिंतीकडे ठेवून, दार लावून काम करा. चाळीच्या गॅलरीत तर मुळीच नको. ४.५ मिलिमीटरच्या, २० ज्यूलच्या आतल्या एअरगनला परवाना लागत नाही हे तुम्हाला माहीत असतं, समोरच्या खिडकीतल्या माणसाला फक्त पिस्तूल दिसतं.

आता नळी सावकाश मोडा आणि हाताला काय लागतं ते बघा. शेवटाच्या थोडं आधी कडक, धातूवर धातू आपटल्यासारखं अडलं, तर स्प्रिंग लांब आहे किंवा कोणीतरी तिच्यामागे वॉशर घातलेत. मधेच चिकट, जड लागलं, तर आतलं ग्रीस सुकलंय. नळी डुगडुगत असेल, तर बिजागरीचा बोल्ट आवळा. नवशिक्याच्या हातात बहुतेक वेळा यातलं काहीच नसतं. तो नळी अर्ध्यावरून सोडतो, एवढंच. एका दमात, थेट शेवटापर्यंत न्या.

नळी शेवटापर्यंत जाते, तरी ‘टक्’ येत नाही, किंवा येतो आणि पकड सुटते? मग दोष सिअरमध्ये आहे. मी दोन महिने इथेच अडकलो होतो.

बऱ्याच पिस्तुलांना चापाजवळ एक बारीक स्क्रू असतो. चाप हलका करायला लोक तो फिरवतात आणि त्याबरोबर सिअरची पकडही कमी होते. पकड केसाएवढी उरली की पिस्टन कधी अडकतो, कधी निसटतो. माझ्या पिस्तुलात मी तो स्क्रू नीट लावायचो, दिवसभर सगळं सुरळीत चालायचं, आणि चाळीस-पन्नास छर्ऱ्यांनी पुन्हा तेच. प्रत्येक फायरच्या धक्क्याने स्क्रू आपोआप सरकत होता. हे मला उशिरा कळलं, कारण स्क्रूवर खूण केली नव्हती.

म्हणून पहिलं काम खुणेचं. स्क्रूच्या खाचेपासून बॉडीपर्यंत नेलपॉलिशची बारीक रेघ ओढा. मग पकड वाढेल त्या दिशेने पाव फेरा द्या. दिशा मॉडेलप्रमाणे बदलते, मॅन्युअल बघा, अंदाज नको. पाव फेऱ्यानंतर दहा वेळा कॉक करा. दहापैकी एकदाही चुकलं तर आणखी पाव फेरा. या सगळ्या वेळात दुसऱ्या हाताने नळी घट्ट धरलेली हवी आणि उघड्या तोंडाजवळ बोट नको. सिअर निसटला तर नळी फटकन वर येते आणि बोट चेचतं. छर्रा भरतानाही हाच नियम.

दहाही वेळा धरलं, की छर्रा भरा, नळी बंद करा, पेलेट ट्रॅपवर (छर्रे अडवणाऱ्या पेटीवर) रोखा आणि मुठीच्या बुडाला तळहाताने दणका द्या. चापाला न शिवता छर्रा सुटला, तर पकड अजून अपुरी आहे. रिकाम्या पिस्तुलाने ही परीक्षा घेऊ नका. पुढे छर्रा नसला की हवेची गादी तयार होत नाही आणि पिस्टन जोरात आपटून त्याचं हवा अडवणारं सील फाटतं. पास झालं, की स्क्रूवर मध्यम ताकदीच्या निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू धक्क्याने सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा) एक थेंब. तो थेंब लावल्यापासून माझा स्क्रू रेघेवरून हललेला नाही.

सिअरची कड कानसीने धारदार करायची हे मात्र मनातूनही काढून टाका. वरचा कडक थर पातळ असतो. तो गेला की खालचं मऊ पोलाद काही दिवसांत गोल होतं, आणि असं पिस्तूल आपोआप सुटतं. कड झिजलेली दिसली तर सिअर नवीनच घाला. स्प्रिंग दाबून बसवायचं साधन नसेल, तर ते काम कारागिराकडे द्या. पिन काढताच आतली स्प्रिंग गोळीसारखी बाहेर येते.

ग्रीस सुकलं असेल तर साफ करून मॉलीचं (मॉलिब्डेनम डायसल्फाइडचं) ग्रीस, तेही बोटाला लागेल इतकंच. खोबरेल चिकट होतं. शिलाई मशीनचं तेल पिस्टनच्या पुढे गेलं तर दाबाने पेटतं, धूर येतो, सील जळतं. मुंबईच्या पावसाळ्यात सिअर आणि पिनांवर आधी गंज चढतो, त्यामुळे जून ते सप्टेंबर दर आठवड्याला कोरड्या कापडाने पुसा, डब्यात सिलिकाची पुडी ठेवा, आणि पिस्तूल कधीही कॉक करून ठेवू नका.