मृत्युपत्रात थोरला मुलगा दिसत नाही?
व्हर्जिनियातल्या वसाहतकाळातल्या मृत्युपत्रात थोरल्याचं नाव नसलं, तरी त्याला वंशवेलीतून खोडू नका. थोरल्याचा हा हक्क काढणारा १७८५ चा कायदा लागू होईपर्यंत मृत्युपत्रात न वाटलेली जमीन आपसूक त्याच्याकडे जाई, म्हणून बाप कधीकधी त्याचा उल्लेखच करत नसे.

मुलींच्या सासरच्या आडनावांसाठी बाप वारल्यानंतरच्या वीसेक वर्षांची खरेदीखतं काढा. वारसांनी मिळून जमीन विकली असेल, तर ‘अमुक आणि त्याची बायको तमुक’ अशा जोड्या ओळीने सापडतात. घोळ होतो तो खरेदीखतांच्या सूचीत: बरेचदा पहिल्या विक्रेत्याचंच नाव असतं, बाकीचे सगळे ‘एट अल’ (म्हणजे ‘आणि इतर’) मध्ये गडप. तेव्हा प्रत्येक भावंडाचं आणि माहीत असलेल्या जावयाचं नाव वेगवेगळं शोधा.

तारखाही जपून घ्या. १७५२ पूर्वी तिथे वर्ष २५ मार्चला बदलायचं. ‘१० फेब्रुवारी १७४०’ म्हणजे आपल्या हिशेबाने १७४१.