खाडीवर पक्षी बघायला जाताय? मे महिन्यातल्या या चुका टाळा

एप्रिल संपता संपता ठाणे आणि नवी मुंबईत फ्लेमिंगो बघायची घाई सुरू होते. पावसाळ्याआधी पक्षी कच्छकडे निघून जाणार, म्हणून लोक मिळेल त्या शनिवार-रविवारी गाइड ठरवतात, बोटीचं बुकिंग करतात आणि पुष्कळदा हिरमुसून परततात. पक्षी असतात, पण त्या वेळी खाडीच्या दुसऱ्याच कोपऱ्यात असतात. एवढ्या सुंदर गोष्टीसाठी पहाटे उठलेला माणूस रिकाम्या हाताने परत जाऊ नये, असं मनापासून वाटतं. म्हणून हा लेख.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक: भरती-ओहोटी न बघता तारीख ठरवणं

ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं आणि २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता, मिळाली. त्याच्या १,६९० हेक्टरांपैकी ८९६ हेक्टर कांदळवन आहे. म्हणजे काठावर कुठेही उभं राहून खाडी दिसेल असं नाही. बहुतेक ठिकाणी समोर तिवरांची भिंतच येते. आतला चिखल पाणी उतरलं की उघडा पडतो आणि पक्षी तिथे चरायला उतरतात. पूर्ण भरतीला तोच चिखल पाण्याखाली जातो, मग थवे उठून सीवूड्सचं डीपीएस तळं किंवा टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेमागची पाणथळ अशा आडोशाच्या जागी विश्रांतीला जातात. पूर्ण ओहोटीला बोटीखाली पुरेसं पाणीच उरत नाही.

याचा अर्थ सरळ आहे. बोटीने जायचं असेल तर पाणी चढत किंवा उतरत असतानाची मधली वेळ घ्या. काठावरून बघायचं असेल तर भरतीच्या तासभर आधी सीवूड्सला पोहोचा. ऐरोलीच्या किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रातून सुटणाऱ्या बोटींच्या वेळा रोज बदलतात, त्या याच कारणाने. ‘आम्हाला सकाळी सातचीच बोट हवी’ हा हट्ट तिथे चालत नाही.

मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक मिळतं, पण खाडीकाठच्या कोळ्यांचा जुना हिशेबही शिकून ठेवा: तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं, येईल तो भरतीचा तास. चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, द्वादशीला नऊच्या. पक्ष शुक्ल असो की कृष्ण, हिशेब तोच. दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी, आणि रोज वेळ पाऊण तासाने पुढे. मिनिटामिनिटाला हा जुळणार नाही. शिवाय छापील वेळा मुंबई बंदराच्या असतात आणि ऐरोलीपर्यंत पाणी चढायला थोडा जास्त वेळ लागतो. तरी कॅलेंडर बघून कुठला शनिवार धरायचा, हे एवढ्यावर ठरतं. द्वादशीचा शनिवार असेल तर आठला सीवूड्स गाठा, नऊची भरती तिथे बघा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, चढ-उतार कमी. गाइडशी बोलताना हे शब्द वापरून बघा. जाणकार असेल तर लगेच तुमच्याशी तारखांवर बोलायला लागेल. ‘कधीही या, गॅरंटी आहे’ म्हणणाऱ्याकडे पैसे भरू नका.

दुर्बीण आहे, पण दिसत नाही

बोटीवर सर्वांत जास्त तक्रार हीच. बहुतेक वेळा दुर्बिणीत दोष नसतो.

कडेने काळी सावली येत असेल आणि तुम्हाला चष्मा असेल, तर डोळ्यांजवळच्या रबरी कड्या खाली दाबा किंवा फिरवून आत घ्या. चष्मा नसेल तर त्या बाहेर काढा. दोन गोल वेगवेगळे दिसत असतील तर दोन्ही नळ्या तुमच्या डोळ्यांमधल्या अंतराइतक्या जवळ आणा. एकच डोळा अंधूक असेल तर उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्याला स्पष्ट करा, मग डावा मिटून उजव्या बाजूची छोटी कडी फिरवा. हे घरच्या गॅलरीत, समोरच्या इमारतीवरचं कबूतर बघत करून ठेवा. बोटीसाठी ८×४२ (आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) पुरते. जास्त पटीची दुर्बीण घेतली की हाताचा हलकासा थरथराटसुद्धा मोठा दिसतो, आणि हलत्या बोटीत पक्षी नजरेत टिकत नाही.

जवळ जा, जवळ जा

बोटवाल्याला हे सांगू नका, आणि थवा उडावा म्हणून टाळ्या तर अजिबात वाजवू नका. मे महिन्यात हे पक्षी लांबच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवत असतात. प्रत्येक विनाकारण भरारी त्यातूनच जाते. चरणारा फ्लेमिंगो मान खाली घालून, चोच उलटी धरून चिखल गाळत असतो. थव्यातल्या माना एकेक करून वर यायला लागल्या आणि सगळे एकाच दिशेने पाय उचलायला लागले, की तुम्ही जास्त जवळ आला आहात. तिथेच इंजिन बंद करायला सांगा. पाचेक मिनिटं शांत बसलात तर माना बहुधा पुन्हा खाली जातात, आणि फोटोही तेव्हाचेच चांगले येतात.

काठावरही तेच. नवी मुंबईतल्या मोकळ्या भूखंडांवर या दिवसांत टिटवी जमिनीवर अंडी घालते. मातकट रंगाची, काळे ठिपके असलेली, खड्यांत मिसळून गेलेली. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली तर पुढचं पाऊल टाकू नका. पायाखाली बघा आणि आलात त्याच वाटेने मागे फिरा. फोटोसाठी अंडी शोधत बसू नका. तेवढा वेळ ती भर उन्हात उघडी राहतात.

चिखलात उतरणं तर टाळाच. वरून वाळलेला दिसतो, पण पाय गुडघ्यापर्यंत जातो, आणि मागून पाणी चढत असतं.

फक्त गुलाबी रंग शोधणं

खाडीत बहुतांश छोटे फ्लेमिंगो असतात: गडद गुलाबी, काळपट लाल चोच. मोठा फ्लेमिंगो उंच, पांढरट, गुलाबी चोचीचं फक्त टोक काळं. मध्येच राखाडी-तपकिरी दिसणारे आजारी नसतात, ती पिल्लं असतात. आणि त्यांच्या पायांशी पळणारे छोटे पक्षी सोडू नका. हिवाळाभर राखाडी असलेला कर्ल्यू सँडपायपर मेच्या सुरुवातीला पोटापर्यंत विटकरी झालेला असतो आणि सैबेरियाकडे निघण्याच्या बेतात असतो. हा रंग आपल्याकडे थोडेच दिवस दिसतो.

पक्षी आधीच निघून गेले असतील तर

मेच्या अखेरीस असं होऊ शकतं. मग रविवारची सकाळ ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलाला द्या. पावशा तेव्हा ओरडत असतो, आणि पाऊस जवळ आला की नवरंग पक्ष्याची दोन सुरांची शीळ ऐकू येते. तो घरटं करायला आलेला असतो, म्हणून मोबाइलवर त्याची शीळ वाजवून त्याला बाहेर बोलावणारा गाइड नको. हे बुकिंग करतानाच विचारून घ्या, आणि प्रवेशाची वेळ व परवानगी आदल्या दिवशीच पक्की करा.